एक डोळा, ४५ सामने आणि १६ वर्षं: विली ओरीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

आजचा विषय हॉकी. आता हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, हिरवं मैदान येतं. पण कॅनडात तुम्ही नुसतं ‘हॉकी’ म्हणालात तर त्याचा अर्थ एकच, बर्फावरची हॉकी. पायात धारदार पात्यांचे स्केट्स, हातात काठी आणि चेंडूऐवजी कडक रबराची एक चकती. तिला पक म्हणतात. वजन साधारण १७० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडंसंच जास्त. पण ती गोठवलेली असते आणि बर्फावरून सणसणत येते.

या खेळातली जगातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग, थोडक्यात एनएचएल. त्या लीगच्या नोंदवहीत एका खेळाडूच्या नावापुढे एवढेच आकडे आहेत: सामने ४५, गोल ४, असिस्ट १०. असिस्ट म्हणजे दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत. आकडे बघून तुम्ही म्हणाल, आला आणि गेला, असे शेकड्यांनी असतील.

पण याच खेळाडूचा २२ नंबर बोस्टन ब्रुइन्स या संघानं २०२२ साली कायमचा निवृत्त केला. म्हणजे तो नंबर त्या संघात यापुढे कुणालाच मिळणार नाही. त्याच महिन्यात त्याला अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला. चार गोल करणाऱ्या माणसाला? हो. त्याचं नाव विली ओरी. एनएचएलमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

‘पहिला’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, चला, एकानं दार उघडलं, आता बाकीचे आत आले असतील. विलीच्या बाबतीत तसं झालं नाही. का झालं नाही, तेच आज बघायचंय.

बर्फावर वाढलेला पोरगा

विलीचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५ चा. गाव फ्रेडरिक्टन, कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यू ब्रन्सविक प्रांताची राजधानी. घरात पोरांचा गोतावळा, आणि विली शेंडेफळ. तीन वर्षांचा असताना पायात स्केट्स चढले. थंडीत वडील घरामागच्या अंगणात पाणी सोडायचे, ते गोठलं की झालं मैदान तयार. गावात कृष्णवर्णीय कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे सोबत खेळणारी पोरं बहुतेक गोरीच.

इथे एक गैरसमज काढून टाकू. बर्फावरची हॉकी हा गोऱ्यांचाच खेळ, कृष्णवर्णीय लोक तो खेळतच नव्हते, असं बऱ्याच जणांना वाटायचं. खरं तर विलीच्या शेजारच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्स शहरात, १८९५ साली कृष्णवर्णीय खेळाडूंची स्वतःची लीग सुरू झाली होती. तिथल्या बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी ती उभी केली. एनएचएलची स्थापना १९१७ ची. म्हणजे ही लीग एनएचएलच्याही २२ वर्षं आधीची! खेळाडू होतेच. मोठ्या लीगमध्ये जागा नव्हती.

विलीच्या आधी हर्ब कार्नेगी नावाचा एक जबरदस्त खेळाडू होऊन गेला. १९४८ साली न्यूयॉर्क रेंजर्सनं त्याला चाचणीसाठी बोलावलं. पण देऊ केला तो खालच्या दर्जाच्या संघातला करार, तोही क्यूबेकमध्ये त्याला आधीच मिळत होते त्याहून कमी पैशांचा. घरी बायकामुलं. त्यानं नाही म्हटलं, आणि तो एनएचएलमध्ये कधीच खेळला नाही.

ब्रुकलिनमधली भेट

१९४९ साली विली तेरा वर्षांचा. गावातल्या त्याच्या बेसबॉल संघानं स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून पोरांना न्यूयॉर्कची सहल मिळाली. तिथे ब्रुकलिनच्या मैदानावर त्याला भेटला जॅकी रॉबिन्सन. १९४७ साली अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमधली वर्णबंदी मोडणारा हाच तो खेळाडू. विली सांगायचा की त्यानं रॉबिन्सनला म्हटलं, मी बेसबॉल खेळतो, पण मला हॉकी जास्त आवडते. रॉबिन्सनला नवल वाटलं. कृष्णवर्णीय मुलं हॉकी खेळतात हे त्याला ठाऊकच नव्हतं!

ही भेट लक्षात ठेवा, पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

विली बेसबॉलही चांगला खेळायचा. इतका, की १९५६ साली मिल्वॉकी ब्रेव्ह्ज या मोठ्या संघानं त्याला शिबिराला बोलावलं. शिबिर होतं अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यातल्या वेक्रॉस गावी. विमानतळावर उतरला आणि स्वच्छतागृहाच्या दारांवर पाट्या दिसल्या, गोऱ्यांसाठी वेगळं, कृष्णवर्णीयांसाठी वेगळं. कॅनडात भेदभाव होताच, पण असा पाटी लावून नव्हता. शिबिरात निवड झाली नाही आणि त्याला बसनं घरी धाडलं. पाच दिवसांचा प्रवास. दक्षिणेत त्याला मागच्या बाकावर बसावं लागलं. बस जसजशी उत्तरेकडे सरकली, तसतसा तोही एकेक बाक पुढे सरकत गेला. घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं, बेसबॉल बास, आता फक्त हॉकी.

पण तोवर एक मोठा घोळ होऊन बसला होता. त्याबद्दल कुणालाच माहीत नव्हतं.

लपवलेला डोळा

१९५५-५६ च्या मोसमात विली ऑन्टारिओ प्रांतातल्या किचनर कनक्स या ज्युनिअर संघात होता. त्या काळी हेल्मेट जवळपास कुणीच घालायचं नाही. एनएचएलमध्ये गोलरक्षकसुद्धा उघड्या तोंडानं उभे राहायचे. जाक प्लांट या गोलरक्षकानं सामन्यात नियमितपणे मुखवटा घालायला सुरुवात केली, ती १ नोव्हेंबर १९५९ ला, तीही तोंडावर पक बसून टाके घातल्यावर.

तर एका सामन्यात गोलसमोर विली उभा होता. जोरात मारलेला पक कुणाच्या तरी काठीला लागून उडाला आणि थेट त्याच्या चेहऱ्यावर आला. नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं, आणि उजव्या डोळ्याची ९५ टक्के दृष्टी गेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता हॉकी विसर.

तो तेव्हा जेमतेम विशीत होता. काही आठवड्यांत पुन्हा बर्फावर उतरला. डोळ्याचं खरं काय ते एका बहिणीला आणि एखाद्या जवळच्या मित्राला सांगितलं. आईवडिलांनाही कळू दिलं नाही.

लपवायचं कारण सरळ होतं. एका डोळ्यानं न दिसणाऱ्या खेळाडूला एनएचएलमध्ये खेळता येणार नाही, असा लीगचा नियमच होता. आणि तो नुसता कागदावर नव्हता. पुढे ग्रेग नील्ड नावाच्या खेळाडूचा ज्युनिअर सामन्यात एक डोळा गेला. १९७५ साली बफेलोच्या संघानं त्याची निवड केली, पण लीगनं त्याला खेळू दिलं नाही. तो कोर्टात गेला. १९७९ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं लीगचीच बाजू उचलून धरली. विलीचं गुपित फुटलं असतं तर त्याचंही हेच झालं असतं.

आपल्याला इथे मन्सूर अली खान पतौडी आठवणारच. योगायोग बघा, त्यांचाही उजवाच डोळा. १९६१ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात तो अधू झाला आणि त्याच वर्षअखेर ते भारताकडून पहिली कसोटी खेळले, पुढच्या वर्षी २१ व्या वर्षी कर्णधारही झाले. पण क्रिकेटमध्ये असा काही नियम नव्हता. पतौडींना ते लपवून ठेवावं लागलं नाही. विलीला प्रत्येक सामन्यात दोन ओझी घेऊन खेळायचं होतं. एक कातडीच्या रंगाचं, जे लपवता येत नव्हतं. दुसरं डोळ्याचं, जे लपवलं नाही तर सगळं संपणार होतं.

आणि खेळताना या डोळ्यानं किती त्रास व्हायचा, तेही समजून घ्या. विली डाव्या कडेनं खेळणारा. म्हणजे बर्फाचं सगळं मैदान त्याच्या उजवीकडे. पास उजवीकडून येणार, अंगावर धावून येणाराही उजवीकडूनच. आणि नेमका उजवाच डोळा बंद. प्रत्येक वेळी मान पूर्ण वळवून डाव्या डोळ्यानं बघायचं, तेही पूर्ण वेगात. तेवढ्यात पक निसटायचा, किंवा कुणीतरी येऊन धडकायचं.

१८ जानेवारी १९५८

विली क्यूबेक एसेस या संघात चमकला. या संघाचं बोस्टन ब्रुइन्सशी नातं होतं. बोस्टनचा एक खेळाडू जायबंदी झाला आणि विलीला बोलावणं आलं.

१८ जानेवारी १९५८, मॉन्ट्रियलचं फोरम स्टेडियम. समोर मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, म्हणजे त्या काळचा सगळ्यात तगडा संघ. १९५६ ते १९६० सलग पाच वेळा स्टॅनली कप जिंकणारे हेच ते. बोस्टननं सामना ३-० नं जिंकला.

आणि त्या रात्री मोठा गाजावाजा वगैरे काही झाला नाही. आपण वर्णाची भिंत ओलांडली, हे आपल्यालाही दुसऱ्या दिवशी पेपर वाचल्यावर लक्षात आलं, असं विली सांगायचा. याच मॉन्ट्रियलमध्ये १९४६ साली जॅकी रॉबिन्सन बेसबॉल खेळला होता, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांना हे दृश्य अगदीच नवं नव्हतं.

त्या मोसमात विलीला दोनच सामने मिळाले. मग परत क्यूबेक.

पुढची संधी मिळायला १९६०-६१ उजाडलं. या वेळी ४३ सामने. १ जानेवारी १९६१ ला, नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी, बोस्टनमध्ये त्यानं एनएचएलमधला पहिला गोल केला. समोर परत मॉन्ट्रियलच. बोस्टननं सामना ३-२ नं जिंकला आणि प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सगळीकडे टाळ्या नव्हत्या. कॅनडातल्या दोन शहरांत, मॉन्ट्रियल आणि टोरोंटोत, फारसा त्रास व्हायचा नाही. शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कमध्ये मात्र शिव्या ठरलेल्या. शिकागोत समोरच्या एका खेळाडूनं वंशावरून शिवी दिली आणि काठीचा दांडा तोंडावर हाणला. विलीचे पुढचे दोन दात पडले, नाक फुटलं. विलीनं काठी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. दोन्ही संघ भिडले. त्या रात्री विलीला खोलीबाहेर येऊ नकोस असं बजावावं लागलं, प्रेक्षक इतके खवळले होते.

कुणी नुसतं नावानं हिणवलं तर भांडायचं नाही, पण अंगावर आलं तर सोडायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

मग त्याला काढलं का?

मोसम संपला. पुढच्या वर्षीही तू आमच्यासोबत आहेस, असं आपल्याला संघाकडून सांगण्यात आलं होतं, असं विली सांगतो. पण १९६१ च्या उन्हाळ्यात बोस्टननं त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकलं. मॉन्ट्रियलकडे आधीच जगातले सगळ्यात भारी खेळाडू, तिथे जागा कुठून मिळणार? त्यांनी त्याला खालच्या संघात ठेवलं आणि मग लॉस एंजेलिस ब्लेड्स या संघाला विकलं. हा संघ वेस्टर्न हॉकी लीगमधला, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या दुय्यम लीगमधला. एनएचएल संपलं ते कायमचं. तो तेव्हा २६ वर्षांचा होता.

कारण काय असेल? इथे जरा सावकाश जाऊ.

एक कारण त्या काळच्या लीगच्या रचनेत आहे. १९४२ ते १९६७ एनएचएलमध्ये संघ होते फक्त सहा. सगळ्या मिळून खेळाडूंच्या जागा सव्वाशेच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या शाळेतल्या दोन वर्गांइतके लोक. खाली दुय्यम लीगमध्ये शेकडो चांगले खेळाडू वाट बघत असायचे. संघमालक म्हणेल ती पूर्व दिशा. १९५७ साली डेट्रॉइटचा स्टार खेळाडू टेड लिंडसे यानं खेळाडूंची संघटना काढायचा प्रयत्न केला. त्याला उचलून शिकागोला पाठवलं, जो तेव्हा तळातला संघ होता. गोऱ्या, नावाजलेल्या खेळाडूची ही गत, तर ४ गोल करणाऱ्याला कोण विचारणार?

दुसरं कारण डोळा. ४३ सामन्यांत ४ गोल हा काही फार भारी आकडा नाही, हे मान्य करायला हवं. पण उजवा डोळा शाबूत असता तर हाच आकडा किती झाला असता?

तिसरं कारण रंग. याचा कागदोपत्री पुरावा नसतो. ‘कृष्णवर्णीय आहे म्हणून काढतोय’ असं कुणी लिहून ठेवत नाही. एकट्या विलीचं प्रकरण समोर ठेवलं तर तीनही कारणं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की वेगळी काढता येत नाहीत.

पण एकट्याकडे न बघता पुढची वर्षं बघा. एनएचएलमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू कधी आला? १९७४ साली. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा माइक मार्सन. विलीच्या पहिल्या सामन्यानंतर तब्बल १६ वर्षांनी! दरम्यान १९६७ साली लीगनं सहाचे बारा संघ केले, म्हणजे जागा एका झटक्यात दुप्पट झाल्या. तरीही मार्सन येईपर्यंत एकही नाही. विलीला काढायला डोळा आणि आकडे ही कारणं असतील, पण सोळा वर्षं दुसरा कुणीच न येण्याला ती कारणं कशी पुरतील? सगळ्यांचे डोळे तर अधू नव्हते. १९५८ साली दार उघडलं नव्हतंच, ते एका माणसापुरतं किलकिलं झालं आणि परत लागलं.

खरी कारकीर्द

आता नोंदवहीतल्या त्या ४५ सामन्यांच्या बाहेर येऊ, कारण विलीची खरी कारकीर्द तिकडे आहे.

लॉस एंजेलिसमध्ये डाव्या कडेला खेळणारे जास्त झाले होते, म्हणून प्रशिक्षकानं त्याला उजवीकडे जायला सांगितलं. डोळ्याबद्दल प्रशिक्षकाला काही कल्पना नव्हती. पण या बदलानं सगळं उलटंपालटं झालं. आता मैदान डावीकडे, आणि डावा डोळा चांगला! मान वळवायची गरजच संपली. १९६४-६५ च्या मोसमात त्यानं ३८ गोल केले. पुढे सॅन डिएगो गल्स या संघात गेला आणि १९६८-६९ मध्ये पुन्हा ३८. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. एनएचएलला तेव्हा बारा संघांसाठी खेळाडू हवे होते, पण तिकडून बोलावणं आलं नाही.

मधे १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचा जेवणाचा कार्यक्रम होता. पाहुणे होते जॅकी रॉबिन्सन. कुणीतरी विलीची ओळख करून द्यायला लागलं, तर रॉबिन्सननंच विचारलं की ब्रुकलिनमध्ये भेटलेला तो मुलगा तूच ना? तेरा वर्षांनंतर त्याच्या लक्षात होतं. त्याच्या दृष्टीनं विली काही ४ गोलांचा खेळाडू नव्हता.

विली १९७८-७९ च्या मोसमापर्यंत व्यावसायिक हॉकी खेळला. शेवटी वय ४३. दोन दशकांहून जास्त काळ, एका डोळ्यावर. मग पोट भरायला इतर कामं केली. सॅन डिएगोजवळच्या एका प्रसिद्ध हॉटेलात सुरक्षा विभागातही नोकरी केली. एनएचएलला त्याची आठवण झाली ती नव्वदच्या दशकात. १९९८ पासून तो लीगचा दूत म्हणून गावोगाव फिरला. ज्यांच्या घरी स्केट्स घ्यायला पैसे नाहीत अशा पोरांना बर्फावर आणायचं, हे त्याचं काम. लीगच्या म्हणण्यानुसार या उपक्रमांतून लाखाहून जास्त मुलं हॉकीपर्यंत पोचली.

२०१८ साली त्याला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. पण खेळाडू म्हणून नाही, खेळ घडवणाऱ्यांच्या गटात. हर्ब कार्नेगीलाही २०२२ साली त्याच गटात घेतलं, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. दोघंही हाडाचे खेळाडू. खेळाडूंच्या गटात बसायला सामने लागतात, आणि सामने तर त्यांना मिळालेच नव्हते.

१८ जानेवारी २०२२ ला, पहिल्या सामन्यानंतर बरोबर ६४ वर्षांनी, बोस्टनच्या स्टेडियमवर २२ नंबर छताला चढला. कोविडमुळे ८६ वर्षांचा विली हा सोहळा सॅन डिएगोच्या घरून स्क्रीनवर बघत होता.

म्हणून यापुढे कुठल्याही क्षेत्रात ‘पहिला अमुक’, ‘पहिली तमुक’ अशी बातमी आली की टाळ्या जरूर वाजवा. फक्त एक प्रश्नही विचारा, दुसरा कधी आला? त्या उत्तरात त्या क्षेत्राची खरी परिस्थिती कळते. हॉकीच्या बाबतीत ते उत्तर होतं, सोळा वर्षांनी.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर अशा एखाद्या मित्राला नक्की पाठवा ज्याला हॉकी म्हणजे फक्त हिरवं मैदान वाटतं. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, ऐकत राहा!